जांभळ्या उजेडात

मामा मॅडमचे ड्रायव्हर, आणि मॅडमच्या गाडीवर त्यांचा भारी जीव. चहा नंतर, आधी बॉनेट उघडायचं आणि मऊ फडक्याने इंजिनाचा कोपरा न् कोपरा पुसायचा, हा त्यांचा नऊ वर्षांचा नेम. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलंत का हो?" त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं. "तू तापलीस की कळतं तरी. ही बया मुकाट्याने तापते."

आणि अशा माणसावर आळ यावा! महिनाभरात गाडी दोनदा भर रस्त्यात तापून बंद पडली. दोन्ही वेळा इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी कोरडी ठणठणीत. दोन गॅरेजवाल्यांनी बघितलं आणि हात झटकले. खाली एक थेंब नाही, पाइप सगळे धड, म्हणजे गळती नाहीच. ड्रायव्हर भरायला विसरत असणार. झालं! मॅडमनी तेवढंच धरून ठेवलं.

"मामा, वय झालं तुमचं. विसरायला होतं माणसाला," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर येईल. तुम्ही आता आराम करा."

आराम कसला डोंबलाचा! मामांच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरी जाईल याचं दुःख होतंच, पण गाडीकडे लक्ष दिलं नाही हा ठपका त्यांना जास्त झोंबला. हातापाया पडून त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली, आणखी एका गॅरेजात दाखवू द्या.

हे तिसरं गॅरेज एका बाईंचं होतं. चाळिशीच्या, तोंडाने तिखट, हाताने हलक्या. चार दिवसांपूर्वी त्यांनी कूलंटमध्ये एक रंग घातला होता. गळत असेल तिथे हा रंग जांभळ्या उजेडात चमकतो, म्हणाल्या, चार दिवस चालवून आणा. आज शुक्रवार. निकाल ऐकायला मॅडम स्वतः आल्या होत्या.

भर दुपारी बाईंनी शटर खाली ओढलं. काळोख झाला. त्यांनी जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली आणि इंजिनावरून इंच इंच फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. तरीही काही नाही.

"कमाल आहे," बाई पुटपुटल्या. "नऊ वर्षांची गाडी, आणि तेलाचा डागसुद्धा नाही?"

मॅडमनी सुस्कारा सोडला. "म्हणजे गळत नाहीच ना?"

मामा काही बोलायला म्हणून पुढे झाले, बॉनेटच्या कडेवर हात टेकले, आणि बॅटरीचा उजेड त्यांच्या हातांवर पडला.

बाप रे! हात पेटल्यासारखे दिसले. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळहाताची रेघ न् रेघ हिरवीगार चमकत होती. मामांना आपलेच हात ओळखू येईनात. ते तसेच उभे राहिले, जागचे हलायची हिंमत होईना.

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "आज सकाळी काय केलंत?"

"रोजच्यासारखं पुसलं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, पुरावाच पुसत होतात की तुम्ही! आणि माझीही अक्कल बघा, फडकं लावू नका हे सांगायचंच राहिलं. इंजिन रोज पुसणारा माणूस माझ्या बापजन्मात पाहिला नव्हता. ओल कुठे लागायची?"

"मागे, अगदी आत. दोनच बोटं जातात तिथे. मला वाटायचं, दव असेल."

बाईंनी वरचं आवरण काढलं, मग हवेची नळी, मग तिच्याखालचं धूड. तासभर गेला. मग त्यांनी बॅटरी आत धरली आणि म्हणाल्या, "या, बघा."

इंजिनाच्या दोन बाजूंमध्ये एक घळ होती आणि त्या घळीत हिरवा उजेड साचून राहिला होता, शांत, खोल. वरच्या प्लॅस्टिकच्या जोडाला केसाएवढी चीर होती. तिथून एक थेंब फुगला, चमकला, खाली पडला. इंजिन तापलं की हे तळं तिथल्या तिथे वाफ होऊन जायचं, म्हणून जमिनीवर थेंब नाही. नऊ वर्षं मामा या गाडीचे लाड करत होते, आणि तिच्या पोटात असं काही असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. नकळत त्यांनी चपला काढल्या. कोणी हसलं नाही. मॅडमही वाकून, श्वास धरून बघत होत्या.

बाईंनी धातूचा नवा जोड बसवला, टाकीला हातपंप लावून दाब दिला. पंपावरचा काटा वर चढला आणि थांबला; अजून गळत असेल तर तो उतरणार. दहा मिनिटं तिघंही त्या काट्याकडे टक लावून उभी. काटा तसूभर हलला नाही. शटर वर गेलं, ऊन आत आलं.

मॅडम मामांकडे वळल्या. "मामा, तुम्ही रोज बॉनेट उघडून बघता, हे मला कधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, मॅडम," मामा म्हणाले. "तीनदा."

मॅडमनी पर्समधून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर नंबर लावला.

"सोमवारी येऊ नका," त्या म्हणाल्या. "माझे ड्रायव्हर कुठेही जात नाहीयेत. चूक माझी होती."