सही सांभाळ

माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्यांच्या धंद्यात एक बोलणं आहे, ‘सही सांभाळ’. म्हणजे साथीदार तपासणीला आला नाही, तर त्याच्या कामापुढे आपली सही ठोकून द्यायची. सगळेच करतात. माझा नवरा जरा जास्तच करायचा, कारण नाही म्हणायला त्याची जीभच रेटत नाही.

अशाच एका सांभाळलेल्या सहीची लिफ्ट कोसळली. एक बाई गेली, दोन लेकरांची आई. साथीदार त्या दिवशी मेव्हणीला घेऊन दवाखान्यात बसला होता, आणि वहीत सही माझ्या नवऱ्याची. दोन वर्षं शिक्षा झाली. चूक नव्हती असं मी म्हणत नाही. त्या बाईच्या आईसमोर माझी मान वर झाली नाही.

वकीलबाईंनी वरच्या कोर्टात अपील केलं. म्हणाल्या, अपिलाचा नंबर लागायला चार वर्षं सहज जातील आणि शिक्षा तर दोनच वर्षांची. तोवर जामीन मिळाला नाही, तर पुढे निर्दोष सुटला काय नि न सुटला काय, सगळं भोगूनच झालेलं असेल. एवढ्या लहान शिक्षेत जामीन बहुतेक मिळतो. फक्त माणूस पळणारा नाही हे कोर्टाला पटलं पाहिजे.

पळणारा म्हणे! हा माणूस कोपऱ्यावर जातानासुद्धा तीनदा सांगून जातो.

पण सरकारी वकिलाने जुना कागद काढला. खटल्याच्या एका तारखेला आरोपी गैरहजर, वॉरंट निघालेलं. ती तारीख मला पाठ आहे. आम्ही अर्धा तास आधीच कोर्टात पोहोचलो होतो. कोर्टाचीच लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक म्हातारी रडत होती आणि लिफ्टमन नुसती बटणं दाबत होता. नवऱ्याने बाह्या वर केल्या. मी म्हटलं, अहो, पुकारा होईल. दोन मिनिटं, म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा तो गच्चीवर मशीनच्या खोलीत होता, आणि मी मूर्ख त्याची पिशवी धरून जिन्यात. तेव्हाच्या वकिलाने वॉरंट रद्द करून घेतलं, पण कारण कुठे लिहिलंच नाही.

आता माझ्या सांगण्याला कोण विचारतो, बायको नवऱ्याचंच बोलणार. वकीलबाई म्हणाल्या, लिफ्टच्या दुरुस्तीची वही असेल, त्यात त्यांची सही असेल, ती दाखवू. मी धावत गेले. वही होती. तारीख होती, वेळही होती. सही मात्र लिफ्टमनची.

लिफ्टमन म्हणाला, बाहेरच्या माणसाला मशीनला हात लावू दिला हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, वहिनी. भाऊच म्हणाले, तू कर सही. मी त्याच्या हातापाया पडले, कोर्टात येऊन एवढं खरं सांग म्हटलं. तो वहीचं पान हाताने सारखं करत राहिला. मग घरी तीन पोरी आहेत, एवढंच बोलला. मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. त्याने त्या खाली मान घालून ऐकल्या.

जामीन फेटाळला. आरोपीच्या हजेरीचा भरवसा नाही, असं कोर्टाने लिहिलं.

भेटीच्या दिवशी मी जाळीपलीकडे बसलेल्या नवऱ्याला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने पहिलं विचारलं,

“लिफ्टमनची नोकरी राहिली ना?”

“राहिली.”

“मग बरं झालं.”

मी दातओठ खाल्ले. मग विषय बदलायचा म्हणून आत काम काय देतात ते विचारलं. सुतारकामाच्या शेडमध्ये आहे, म्हणाला. सोबत एक म्हातारा आहे, त्याचे गुडघे गेलेत, त्याच्याने काम होत नाही, पण रोजच्या कामापुढे सही तर लागते.

“त्याची सही सांभाळतो मी,” म्हणाला, आणि जरासा हसला.

“आणि पकडले गेलात तर?”

“तर काय, शिक्षेतली सूट जाईल.”

भेटीची दहा मिनिटं उरली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, तो बसलेला असताना मी कधी उठून गेले नव्हते. त्या दिवशी पिशवी उचलली आणि उठले.