उजव्या बाजूचा स्वर

माघातल्या दुपारचं उबदार ऊन खिडकीतून मांडीवर उतरलेलं, आणि त्या उन्हात वायरचं कवच सोलून तांब्याचे केसासारखे बारीक धागे ती चिमटीत पिळते आहे. माझी धाकटी बहीण मंजिरी आठवली की मला अशीच दिसते. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यात विजेची पॅनेलं जोडणाऱ्या त्या बोटांना घाई ठाऊक नव्हती. बोलण्याआधी ती ऐकायची, आणि ऐकताना तिच्या चेहऱ्यावर निवळलेल्या पाण्याची स्थिरता यायची.

आमचे बाबा मूळचे उमरेडचे विणकर. हातमाग सुटला, नागपुरात नोकरी झाली, निवृत्तीही आली. गाणं मात्र सुटलं नाही. दर गुरुवारी वस्तीच्या भजनमंडळात ते पेटी वाजवत. त्यांच्यासाठी मी मोठ्या हौसेनं स्टिरिओ आणला आणि बैठकीची शोभा सांभाळून मांडला. अँप्लिफायर शोकेसमध्ये, डावा स्पीकर त्याच्या शेजारी, उजवा मात्र पार पलीकडच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या आड. त्याच्यापर्यंतची बारीक वायर दाराच्या चौकटीवरून वळसे घेत गेली होती आणि उरलेलं वेटोळं कपाटामागे लपलं होतं. काही दिसत नाही, याचंच मला समाधान होतं.

वर्षभरात बाबा मिटत गेले. आधी भजनाला जाणं थांबलं, मग पेटीवर कापड पडलं ते पडलंच. विचारलं तर थकव्याचं कारण सांगत. मी ते मान्य केलं. मंजिरीनं केलं नाही. एका रविवारी ती त्यांच्यासमोर बसून नुसती पाहत राहिली. गाणं सुरू होतं आणि बाबा उजवा कान पुढे करून, कपाळाला आठ्या घालून, काहीतरी शोधत होते. तिनं हलकेच विचारलं.

"माझा उजवा कान गेला वं," ते म्हणाले. "त्या बाजूचा सूर येतच नाही. मंडळात काय वाजवू? अन् तुझ्या भाऊनं एवढ्या हौसेनं आणलं, त्याले कसं सांगू?"

मी दारातच उभा होतो. मंजिरीनं गाणं बंद केलं नाही. तिनं बाबांना उठवलं, खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून त्यांना पुन्हा बसवलं.

"आता कोणत्या बाजूनं कमी येऊन राहिलं?"

बाबांनी डोळे मिटले. "डाव्या."

"मंग कानाले काहून बदनाम करून राहिले, बाबा?"

दोष कानाचा असता तर तो त्यांच्याबरोबर फिरला असता. तो कोपऱ्यातच राहिला होता, मी केलेल्या मांडणीत: कपाट आवाज अडवत होतं आणि लांबलेली बारीक वायर तो क्षीण करत होती. तिनं मला एक शब्दही सुनावला नाही. कपाट सरकवायला फक्त हाक मारली.

दोन्ही स्पीकर तिनं भिंतीपासून हातभर पुढे, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीला स्टुलांवर घेतले. अँप्लिफायर दोहोंच्या मधोमध आणला, म्हणजे वायर लांबवर न्यायला नको. जाड वायरचे आखूड, सारखे दोन तुकडे कापले. थोडं कमीजास्त चाललं असतं, तीच म्हणाली. पण बाबांनी ते दोन्ही तुकडे शेजारी धरून, सूत तपासावं तसे बोटांतून ओढून पाहिले आणि मान डोलावली. त्या मानेत जी दाद होती, तिच्यापुढे माझ्या सगळ्या पदव्या मला हलक्या वाटल्या.

मग तानपुऱ्याचा नाद दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा राहिला आणि बाबांचं कपाळ हळूहळू सैल झालं. पुढे तिच्याच आग्रहानं डॉक्टरांनी कान तपासले. वयाला शोभेल इतकीच उणीव निघाली, दोन्हीकडे सारखी. पुढच्या गुरुवारी पेटीवरचं कापड निघालं. मंडळात विचारपूस झाली तेव्हा बाबांनी एवढंच सांगितलं, "माझ्या पोरीनं ऐकलं."

मंजिरी आता नोकरीसाठी दूरच्या शहरात असते. काळ माणसांना एकमेकांपासून लांब नेतो, घरं त्यांच्याविना राहायला शिकतात; पण ज्यानं आपलं न बोललेलं एकदा ओळखलं, तो माणूस दूर गेल्यावरही त्याची जागा कुणाला भरता येत नाही, आणि ती तशीच रिकामी राहावी असं मनालाही वाटत राहतं.