खणातला खडखडाट

“रोज नवा खडखडाट! एक दिवस भंगारात घालतो तुला!” शिंपी मास्तर माझ्यावर करवादले आणि वर खोकले.

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. अंगावरची सोनेरी नक्षी कधीच पुसली, पण टाका अजून सरळ पडतो. उमेदीत मी गणवेश शिवले, पडदे शिवले, एकदा तर बँडवाल्यांचे लाल कोट शिवले! कौतुक मास्तरांचे झाले. मला तेलाचा थेंब मिळाला. चालायचेच.

खडखडाट मात्र माझा नव्हता. तो माझ्या बटणांच्या खणातल्या गोळ्यांचा होता.

मास्तर खोकून खोकून झिजले, तेव्हा दवाखान्यातून गोळ्यांचा ढीग हाती आला. मास्तरांच्या घरधनीण बाई रोज सकाळी उपाशीपोटीच त्यांच्या हातावर गोळ्या ठेवत आणि आत वळत. मास्तरांना मळमळे. जरा उतार पडला तसे त्यांनी ठरवून टाकले, झालो बरा! गोळ्या खणात जाऊ लागल्या. खोकला परतला, तरी घरात आजाराचे नाव कोणी काढीना. ‘धुळीचा खोकला’ म्हणत. आणि लाडकी नात माझ्या पायट्याशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करी. माझा जीव टांगणीला लागे. बोलता येत नाही, म्हणून मी खडखडत राहिले.

एकदा दवाखान्यातल्या सिस्टर एप्रनला बटण लावून घ्यायला आल्या.

“मशीनचे दात का वाजतायत हो?” म्हणत त्यांनी खण ओढला.

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, मी गोळ्या देत होते आणि तुम्ही बटणं साठवत होतात?”

सिस्टर रागावल्या नाहीत. “काय होतं गोळ्यांनी?” त्यांनी विचारले.

हे आजवर कोणी विचारलेच नव्हते. “पोटात ढवळतं,” मास्तर पुटपुटले.

“आधी विचारायला हवं होतं, चुकलंच आमचं. त्यावर उपाय असतो. आजच चला. थुंकी पुन्हा तपासू, औषध बदलायचं का ते डॉक्टर ठरवतील. आणि घरातल्या सगळ्यांना तपासू.”

“रोज दारात उभा राहून मी बघतो,” शेजारचे न्हावी म्हणाले. “गिऱ्हाईक अर्धी मिशी घेऊन बसलं तरी चालेल, गोळी गिळल्याशिवाय मी हलायचा नाही!”

नातीची तपासणी चांगली निघाली, पण डॉक्टर सांगेपर्यंत तिला मास्तरांपासून लांब ठेवायचे ठरले. खिडक्या सताड उघडल्या. मास्तरांच्या तोंडाला मास्क आला, खणात नुसती बटणे उरली. मित्रांनो, कुरकुर थांबली म्हणून माझे तेल बंद करू नका. आणि खोकला थांबला म्हणून कोणाचे औषधही.

काल नात अंगणातूनच ओरडली, “आजोबा, मला आत का घेत नाही? रागावलात माझ्यावर?”

“अगं, धुळीचा खोकला...” बाईंनी सुरुवात केली.

मास्तरांनी माझे चाक हाताने थांबवले.

“नाही गं बाळा, तुझं काही चुकलं नाही. मला टीबी झालाय. गोळ्या मी शेवटपर्यंत घेणार आहे. डॉक्टर हो म्हणाले की लगेच ये, तुझी जागा तशीच आहे.”