एका बाजूनं झिजलेला पलंग

मी पलंग बोलतोय. कदाचित तुम्ही मला पाहिलंही असेल. मोठ्या कलादालनात 'ओढ' नावाचं प्रदर्शन भरलं होतं, प्रेमाबद्दल आणि शरीराच्या भुकेबद्दल. त्यात शेवटच्या खोलीत मधोमध मांडला होता तो मीच. माझ्यापुढे उभं राहून कितीतरी जणांनी डोळे टिपले. त्या सगळ्यांना मला एवढंच सांगायचंय, की तुम्ही फसलात. दोष तुमचा नाही. दिसतं तसं नसतं, हे म्हणायला सोपं असतं आणि ऐनवेळी कुणालाच आठवत नाही.

माझा जन्म एका तिरसट सुताराच्या हातचा. लग्न ठरलेली जोडी माप सांगायला आली, तेव्हा रंधा मारता मारता तो म्हणाला, "बेताचा करू की रुंद? रुंद केला की भांडायला जागा होते बरं का!" नवरी लाजली. नवरा म्हणाला, "रुंदच करा. झोपेत कुणाचा धक्का लागलेला मला चालत नाही." सगळे हसले. चेष्टाच वाटली सगळ्यांना, नवरीलासुद्धा.

तो शाळेत गणित शिकवायचा. शिस्तीचा, निर्व्यसनी, गल्लीत मान असलेला माणूस. ती एका प्रयोगशाळेत रक्त काढायची. दिवसभर परक्या माणसांचे हात हातात घ्यायची, "मूठ आवळा, आता सैल सोडा," म्हणायची. तिचा हात इतका हलका होता, की सुई कधी टोचली ते माणसाला कळायचं नाही.

सुरुवातीला दोघंही माझ्यावर झोपत. मग मुलगी झाली. तान्ह्या पोरीच्या रडण्यानं झोपमोड होते म्हणून मास्तर उशी घेऊन बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर गेले. तात्पुरते, असं म्हणाले. पोर मोठी झाली, रडायची थांबली, पण उशी काही परत आली नाही.

एकदा तिनं विचारलं. दुपारची वेळ होती, पोर शेजारी खेळायला गेली होती. माझ्या कडेवर बसून ती म्हणाली, "अहो, माझं काही चुकलं का?"

"नाही. तुझं काहीच चुकलं नाही," ते म्हणाले. "मला तसं काही वाटतच नाही तुझ्याबद्दल. मी तरी काय करू?"

ते चिडले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं. भांडणाला निदान दुसरी बाजू असते. ते शांतपणे बोलले आणि वह्या तपासायला निघून गेले. ती संध्याकाळ होईपर्यंत तिथंच बसून राहिली. नंतर तिनं हा विषय पुन्हा काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

पोरीपुढे तमाशा नको, एवढ्यावर मात्र नवराबायकोचं एकमत होतं. पोर उठायच्या आत मास्तर आत येऊन बायकोशेजारी आडवे होत. चादरीवरच, घड्याळसुद्धा न काढता. पोर डोळे चोळत यायची आणि दोघांच्या मध्ये धप्पकन उडी मारायची. मग त्या घरात खरोखरच हसणं ऐकू यायचं. तिच्या मनात आईबाबा म्हणजे तेवढीच सकाळ राहिली. तिला नावं कशी ठेवायची?

वर्षं गेली. उजव्या कडेचं पॉलिश बाईच्या उठण्याबसण्यानं उडालं. तिच्या डोक्याचं तेल लागून उशाची फळी काळी पडली, खालची फळी तिच्या वजनानं खोलगट झाली. डावी बाजू मात्र दुकानातून कालच उचलून आणल्यासारखी कोरी राहिली.

पुढे डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी उंच खाटा घ्या म्हणून सांगितलं. निमित्त मिळालं आणि घरात दोन वेगवेगळ्या खाटा आल्या. मला जुन्या बाजारात द्यायचं चाललं होतं, तेवढ्यात मुलगी धावत आली. ती आता चित्रकार झाली होती, लग्नही झालं होतं. माझ्या कडेवरून हात फिरवता फिरवता ती थबकली.

"आई! अगं, एकच बाजू झिजलीय याची!"

आईच्या हातातली चादर तशीच राहिली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढा मोठा पलंग आणि तुम्ही दोघं आयुष्यभर एकाच बाजूला झोपलात?"

आईनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत होते. "हो, असं... पडली सवय," ती म्हणाली.

झालं. एका वाक्यात मी कलाकृती झालो.

प्रदर्शनात माझ्याभोवती जमिनीवर पांढरी पट्टी मारली, 'हात लावू नये' अशी पाटी लावली. भिंतीवर मुलीनं लिहिलं, 'दुसऱ्या बाजूची माझ्या आईबाबांना कधी गरजच पडली नाही.' शेजारच्या खोलीत कुणी चुंबनाच्या आधीचे नुसते श्वास ऐकवत होतं, कुणी प्रियकराचे न धुतलेले सदरे टांगले होते. लोक तिथं चुळबुळत, एकमेकांना कोपरं मारत आणि माझ्यापाशी येऊन गप्प होत. तरुण पोरं कुजबुजत, "असं म्हातारं व्हायचं आपण." ऐकून माझ्या लाकडाला घाम फुटायचा.

उद्घाटनाला आईबाबांना मानानं माझ्यावर बसवलं. फोटो काढणारा म्हणाला, "सर, काकूंना जरा जवळ घ्या ना!" मास्तरांनी हात तिच्या खांद्यावर ठेवला. ती शहारली. मी खालीच होतो, मला कळलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाला, आणि मास्तरांनी घड्याळ बघायला हात काढून घेतला. ती तशीच बसून राहिली, खांदा जराही न हलवता. मुलीनं हाक मारली तेव्हा उठली.

त्यानंतर ती एकटीच येऊ लागली. कामावरून सुटली की तिकीट काढून पट्टीबाहेर उभी राहायची. एकदा तिचा हात आपसूक माझ्या डाव्या कडेकडे गेला.

"काकू, हात नका लावू," राखणदार बाई म्हणाली.

"माझाच आहे हो पलंग."

"असेल काकू, पण सगळ्यांना सारखंच ना. राग मानू नका."

"छे गं, राग कसला. सवय आहे मला."

राखणदार बाईला काय कळणार त्यातलं! ती कौतुकानं हसली.

शेवटच्या दिवशी दालन रिकामं झालं. कामगार सदरे गुंडाळत होते. मुलगी येऊन माझ्यावर बसली आणि एकदम रडू लागली. आई पट्टी ओलांडून तिच्याजवळ बसली.

"काय गं? सगळे एवढे वाखाणतात तुला."

"आई, तो माझ्याकडे पाठ करून झोपतो. विचारलं तर म्हणतो, तुझं काही चुकलं नाही. मग काय कमी आहे गं माझ्यात? मी हा पलंग बघत मोठी झाले. तुम्हाला जमलं ते मला का जमत नाही?"

बाईनं तोंड उघडलं. मी जीव एकवटून थांबलो. बोल बाई, म्हटलं. मास्तर बाहेर झोपायचे, एवढंच म्हण. पोरीच्या छातीवरचा धोंडा उतरेल, आपल्यात खोट आहे असं तिला आयुष्यभर वाटणार नाही. पण बाई भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत होती. ती पुसली तर पोरीचं बाळपण पुसलं जाईल, असंच तिला वाटलं असणार.

"जमतं गं," ती म्हणाली. "थोडं आपणही सोसायचं असतं. वेळ दे त्याला."

मी कुरकुरलो, जेवढं कुरकुरता येतं तेवढं. कुणी लक्ष दिलं नाही.

पोरीनं डोळे पुसले. "मग हा मी घरी नेते, आई. तुमचा गुण लागू दे आम्हाला."

आता मी तिच्या घरी आहे. ती हट्टानं उजवीकडे झोपते, आईची जागा म्हणून. जावई महिनाभर डावीकडे झोपला, मग ऑफिसच्या कामाचं कारण सांगून बाहेरच्या कोचावर गेला. पोरगी नवी चादर घालते, केस सोडून बसते, दार उघडं ठेवते. बाहेरून नुसता टीव्हीचा आवाज येतो. मुलखाची हुशार पोर, पण दोष शोधते तो स्वतःतच. आरशासमोर उभी राहून शोधते, आणि मला ते बघवत नाही.

अहो, तुमच्यापैकी कुणाची या मायलेकींशी ओळख असेल तर एवढं कराल का? दोघींना एका जागी बसवा आणि उठू देऊ नका. मी लाकूड आहे, माझ्या हातात काही नाही. आत्ताच आईचा फोन आला होता.

"कसं चाललंय गं?"

"मस्त! अगदी तुमच्यासारखं," माझ्यावर एकटीच बसून पोर म्हणाली.

"आमच्यासारखं..." पलीकडून आई पुटपुटली. मग म्हणाली, "बरं झालं. देव पावला."