चर्चच्या भिंतीतले दोन खिळे

मित्रांनो, आमचा रेल्वेपूल नीट उभा राहिला, तर त्याच्या दगडावर इंजिनीयर इवन गॅलब्रेथ यांचे नाव कोरले जाणार होते. शाबासकी मिळणार होती पितळी दुर्बिणीला. साखळी ओढणाऱ्या म्हाताऱ्या मंगो टेटला पुढच्या मार्गावर काम मिळणार होते. आणि मला? नेहमीचा चिखल.

मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. शंभर दांड्यांची, सहासष्ट फुटांची. ग्लासगोच्या एका लोहाराने मला घडवले आणि वीस वर्षे मी गॅलब्रेथसाहेबांची लाडकी होते. ओढाताणीने माझ्या कड्या झिजतात आणि मी लांबते. म्हणून किर्कब्रे गावच्या चर्चच्या भिंतीत बरोबर सहासष्ट फुटांवर दोन खिळे ठोकलेले होते. ओटची भाकरी खिशात टाकून मंगो रोज सकाळी मला त्या खिळ्यांना लावून बघे. लांबलेली दिसले, की कड्या ठोकून पुन्हा मापात आणी.

मग एडिंबरोहून माझी सवत आली. कोन मोजणारी दुर्बीण, मखमलीच्या पेटीत बसून. साहेब तिला तान्ह्या मुलासारखे कडेवर घेत. मी गोणपाटात.

"बाईसाहेबांना सर्दी व्हायची, साहेब. शाल घाला," मंगो म्हणे.

"तू तुझी साखळी सांभाळ, मंगो."

"तिलाच सांभाळतोय. आज खिळ्यांना लावायची राहिली आहे."

"उद्या लाव. आता ऊन आहे तोवर मला कोन घ्यायचेत."

ते उद्या तीन आठवडे आले नाही. साहेब मात्र वहीत रोज लिहीत, 'साखळी तपासली.'

पुलाची लांबी काढायची, तर आधी नदीकाठच्या कुरणात एक रेघ मी मोजायची आणि तिच्या दोन टोकांवरून दुर्बिणीने पलीकडच्या काठावरच्या खुणेचा कोन घ्यायचा. त्या दिवशी मी चार बोटे लांबलेली होते. मनात आणले असते, तर गवतात गुंता करून मी मंगोला थांबवले असते. पण मी सरळ, मुकाट धावले. म्हटले, हिशेब चुकू दे, बोल सवतीला लागेल.

कारखान्यातून लोखंडी तुळई आली आणि दोन खांबांच्या मध्ये वीतभर आखूड पडली.

दुर्बीण तपासली. कोन अचूक निघाले. मग साहेबांनी मला स्वतः खिळ्यांना लावले. माझे टोक खिळ्याखाली लोंबले, ते त्यांनी बोटांनी मोजले: चार. रेल्वे मंडळाचे लोक चौकशीला आले, तेव्हा साहेबांनी वही पुढे केली.

"मी तपासली होती. ओढताना मंगोने प्रमाणाबाहेर ताणली असणार."

मंगोने त्यांच्याकडे पाहिले. "वीस वर्षांत पहिल्यांदाच ताणली म्हणायची, साहेब," एवढेच बोलून त्याने टोपी घातली. जाता जाता माझ्या कड्यांतला चिखल त्याने बोटाने काढला.

मित्रांनो, रोजच्या वापरातली वस्तू रोज तपासा. ती जुनी आहे, म्हणून तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. आणि तुमच्यातले कोणी माझ्यासारखे जळत असेल, तर त्याने गप्प बसू नये.

नवी तुळई बसली. दगडावर साहेबांचे नाव आहे. दुर्बिणीला ओरखडाही नाही. मी संग्रहालयात खुंटीवर आहे, कोरडी आणि स्वच्छ. चार बोटांची भरपाई पुढचे काम गमावून केली ती एकट्या मंगोने, ज्याने मला कधी चार बोटे लांबू दिले नसते.