शेवटच्या गाडीचं फाटक

मी मूठ वर केली. जिप्सी जागच्या जागी थांबली.

“आता काय, वहिनी?” मागच्या गाडीतून आमच्या ग्रुपचा म्होरक्या अनिमेष ओरडला. “मुंगी आडवी आली?”

“चर आहे,” मी म्हटलं. “आख्खी वाट खणून ठेवलीय.”

कमरेइतका खोल, जेसीबीने मारलेला ताजा चर. दोन्ही बाजूंना, ज्यांच्या शेतातून ही वाट जाते त्या महिपतबाबांचं भात, मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. पुढे टेकडीचा चढ, तो चरापलीकडे. आमच्यामागे तीन गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या.

खडवलीची ही आमची उरलेली शेवटची वाट. कोलशेतला खाडीकडे जायचो, तिथे टॉवर झाले. कल्याणपुढच्या माळावर प्लॉट पडले. रानातल्या रस्त्यावर वनखात्याची साखळी आली. लोक म्हणतात, चिखलात गाड्या नाचवायला जागा हवी कशाला? लग्न झालं तेव्हा मीही तेच म्हणायचे.

मी घाबरट आहे. गॅस बंद केलाय ना हे तीनदा बघते. श्रिया झोपली की तिच्या नाकाशी बोट धरते. सासूबाई म्हणतात, “विनिता, अगं पोरीला श्वास घेऊ दे.” वर्तकनगरच्या आख्ख्या बिल्डिंगमध्ये माझी काळजी हा विनोद आहे. फक्त या वाटेवर ती कामाची असते. मी गाडीपुढे उलटं चालते, हातांनी चाकं वळवते. कुठला दगड डगमगेल, कुठे चिखलाखाली खड्डा असेल, हे घाबरणाऱ्यालाच आधी दिसतं. आणि गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला, प्रीतमला, वाट दिसत नाही, बॉनेट दिसतं. म्हणून तो फक्त माझ्या हातांकडे बघतो. एरवी आमचं बोलणं म्हणजे दूध, शाळेची फी, कंपनीची शिफ्ट, तेही मोबाइलवरून नजर न काढता. इथे तो माझ्याकडे बघतो. तासन् तास.

ही वाट गेली तर ते बघणं कुठे शोधायचं, मला माहीत नव्हतं.

“फळ्या काढा रे!” अनिमेष उतरून पुढे आला. “चरावर टाकू. जिप्सी हलकी आहे, ती आधी जाऊ दे.”

“थांब,” मी म्हटलं. “तू तर म्हणालास, बाबांशी बोललोय. फाटकाची तार सोडलीस तेव्हा विचारलं मी तुला.”

“बोललोय ना. म्हणजे, बोलणार होतो.”

तेवढ्यात बांधावरून महिपतबाबा आलेच. मागे त्यांची बायको गोदूबाई, पदर खोचलेला. दर खेपेला या दोघांच्या ओट्यावर आम्ही चहा प्यायचो. आज त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तार कोनी सोरली?” महिपतबाबांनी विचारलं.

“आजोबा, दोन मिनिटं,” अनिमेष म्हणाला. “पलीकडे जातो, चर होता तसा ठेवतो.”

“गेल्या रविवारी पन दोनच मिंटा होती ना तुमची?” गोदूबाई पुढे झाल्या. “इकरं बघ, बाय. बघ जरा.”

त्यांनी दाखवलं तेव्हा मला दिसलं. चराच्या उजवीकडचं भात उभं नव्हतंच. पोटरीला आलेलं पीक चघळून, तुडवून चिखलात घातलेलं. मध्ये गुरांच्या खुरांचे खड्डे, त्यात पाणी.

“फाटक सताड उघरं टाकून गेलात,” महिपतबाबा म्हणाले. “रातभर गुरं आत. आनि बाय, मी हिला सांगतो काय, का ती ठान्याची पोर फाटक लावल्याबिगर जानार नाय.”

गेल्या रविवारी आम्ही नव्हतो. श्रियाला ताप होता. आमच्या ग्रुपचा नियम एकच: शेवटच्या गाडीने फाटक लावायचं. आणि शेवटची गाडी कायम आमची. आज अनिमेषने वाट खराब असेल म्हणून पहिल्यांदाच आम्हाला पुढे घातलं होतं.

“अनिमेष, फाटक कोणी लावायचं होतं?”

“अरे, मला वाटलं मागे प्रीतम आहे.”

“प्रीतम नव्हता! ग्रुपवर टाकलं होतं मी!”

“वहिनी, दहा नवीन गाड्या होत्या. सगळ्यांनाच वाटलं मागून कोणीतरी येतंय.”

“कोणीतरी म्हणजे मी! इतकी वर्षं मी उतरते, चिखलात पाय घालते, कडी लावते. तुमच्यातल्या एकालाही आठवलं नाही की ते फाटक आपोआप लागत नाही?”

“चिल ना यार. झालं ते झालं. तुम्ही कशाचंही टेन्शन घेता.”

माझ्या डोक्यात सणक गेली. “झालं ते कोणाचं झालं? हे जेवतात त्यातनं!”

पण तोवर अनिमेषच्या मित्रांनी लोखंडी फळ्या चरावर टाकल्यासुद्धा. महिपतबाबा मध्ये आले, तर एकाने त्यांचा दंड धरून, “काका, साइडला या, लागेल,” म्हणत त्यांना बाजूला केलं. सरळ, त्यांच्याच शेतात.

“चल प्रीतम, घाल! वहिनी दाखवतायत!”

प्रीतम गर्दीत नाही म्हणू शकत नाही. ऑफिसात नाही, सोसायटीत नाही. त्याने पहिला गिअर टाकला. मी फळीवरून पलीकडे गेले, वळून उभी राहिले. त्याचे डोळे माझ्या हातांवर आले.

फळ्या नीट बसल्या होत्या. गाडी गेली असती. वर चढ ओला होता, चमकत होता; वरून दिसणारी नदी मला पाठ होती. मी बोट हलवायचा अवकाश होता.

मी मूठ वर केली.

प्रीतमने ब्रेक मारला. मग, मी सांगितलं नव्हतं तरी, त्याने इंजिन बंद केलं.

“काय नाटक आहे?” अनिमेष भडकला. “भीती वाटते तर घरी बसायचं ना!”

“ती थांब म्हणाली,” प्रीतम म्हणाला. आवाज चढवला नाही. “उचल फळ्या.”

“आख्खा ग्रुप बंद पडेल, कळतंय का तुला?”

“उचल.”

वळायला जागा नव्हती. चारही गाड्या उलट्या बाहेर काढायच्या होत्या, आणि ते काम पुन्हा माझंच. मी सगळ्यात मागे गेले. बांध इंचभर ढळू न देता एकेक गाडी मागे घेतली. अनिमेष आरशात माझा हात बघत होता, मान मात्र दुसरीकडे. त्याची चाकं भाताला लागू दिली नाहीत मी. वाटलं होतं, लागू द्यावीत आणि सगळ्यांदेखत शिव्या घालाव्यात. पण भात त्याचं नव्हतं.

शेवटी जिप्सी. आरशात प्रीतमचा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा. मी हात हलवत होते, तो बघत होता, आणि वाट संपत होती. तो सावकाश येत होता, गरजेपेक्षाही सावकाश. मीही घाई केली नाही.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा महिपतबाबा आणि गोदूबाई करवंदीच्या तोडलेल्या फांद्या ओढून आणत होते. चाकोरीवर एकेक फांदी आडवी टाकत होते. एक मोठी फांदी गोदूबाईंना ओढेना.

“सोडा, मी धरते,” मी म्हटलं.

“काटा लागंल, बाय.”

“लागू दे.”

दुसऱ्या टोकाला प्रीतमने हात घातला. आम्ही ती उचलली आणि वाटेवर नीट बसवली.