मुख्य प्रधानासाठी विणलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. हो हो, घोंगडीच! काळी, जाडीभरडी, सोलापूरजवळच्या कुंभारी गावच्या केराबाईच्या मेंढरांच्या लोकरीची. नाक मुरडलंत तरी मी बोलणारच, कारण माझ्यासारखं भाग्य शालूंच्या नि शेल्यांच्या वाट्याला आलेलं नाही. मी विणली गेले तीच मुळी मुंबई इलाख्याच्या मुख्य प्रधानासाठी! आता सांगा, आहे का तुमच्या ट्रंकेत असं काही?

माझा जन्म सदतीस सालच्या पावसाळ्यातला. पावसाळा आपला म्हणायचा. ढग यायचे, सोलापुरावरून फिरायचे आणि निघून जायचे. केराबाई आणि बाळासो हे धनगर नवरा-बायको, मूळचे सांगोल्याकडचे, पण कुंभारीत येऊन रुळलेले. केराबाईनं लोकर पिंजली, सूत काढलं. बाळासोनं खड्ड्यातल्या मागावर बसून मला विणलं, चिंचोक्याची खळ पाजली, उन्हात ताणली. एरवी तो गप्पा मारत, तंबाखू मळत विणायचा. माझ्या वेळी तोंडातून अवाक्षर नाही. एखादा धागा सैल पडला की केराबाई त्याच्यावर खेकसायची, ही काय बाजारात न्यायची हाय व्हय म्हणून. मी मनातल्या मनात अशी काही फुलले होते, की विचारू नका.

मुख्य प्रधान म्हणजे कोण, हे मला वेणीमाधव मास्तरांमुळं कळलं. मास्तर लोकल बोर्डाच्या शाळेवर होते. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. नाटकाचं भारी वेड, त्यामुळं बातमीसुद्धा हातवारे करून वाचायचे. त्या दिवशी तर ते उभेच राहिले; मी तेव्हा केराबाईच्या हातात नुसती लोकर होते. साहेबानं नेमलेला नव्हे, लोकांनी निवडून दिलेला माणूस इलाख्याच्या कारभाराचा मुख्य झाला होता! असेंब्लीत ज्याच्या पाठीशी जास्त सभासद, तो मुख्य प्रधान. तो आपले मंत्री निवडणार, शाळा कुणी बघायच्या, शेतसारा कुणी, जंगल कुणी, ते वाटून देणार. सगळे मिळून ठरवणार, आणि एकदा ठरलं की कलेक्टरलासुद्धा ऐकावं लागणार. "कलेक्टरला?" असं म्हणून लोक एकमेकांकडं बघायला लागले. तिसाच्या सालात सोलापुरात लष्करी कायदा लागला होता, तेव्हा हीच माणसं दाराला कडी लावून बसली होती.

केराबाईनं मात्र वेगळंच विचारलं. त्याच्या डोक्यावर कोण हाय? मास्तर म्हणाले, गव्हर्नर आहे, काही बाबतींत तो आडवा येऊ शकतो. आणि मुख्य प्रधानाला खाली कोण उतरवतंय? मास्तर म्हणाले, ज्यांनी बसवला तेच. सभासदांनी पाठ फिरवली की त्याला घरी जावं लागतं. हे तिला फारच आवडलं. पण मत कुणाकुणाला होतं, असं तिनं विचारलं तेव्हा मास्तर अडखळले. सारा भरणाऱ्याला होतं, शिकलेल्याला होतं. केराबाईला नव्हतं. बाळासोलाही नव्हतं. ती म्हणाली, असू दे, तरी मी त्याला घोंगडी देणार आणि माळ मागणार.

माळाचं सांगायलाच हवं. गावामागं लांबच लांब माळ आहे. पूर्वी तिथं धनगरांची मेंढरं चरायची. मग सरकारनं राखीव कुरण म्हणून दगड रोवले आणि ईरप्पा नावाचा गार्ड नेमला. वर गवत उभ्यानं वाळायचं आणि खाली आमची मेंढरं रस्त्याच्या कडेनं बाभळीच्या शेंगा शोधत हिंडायची. त्या वर्षी तर कोकरांना पायावर उभं राहवेना. खाटीक येऊन कळप बघून गेला होता. माळ मिळाला नाही तर मेंढरं त्याच्या हवाली करायची आणि सोलापुरात गिरणीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं, एवढीच वाट उरली होती. केराबाईला त्या वाटेचं नाव काढलेलंसुद्धा खपत नसे.

तेवढ्यात बातमी आली, मुख्य प्रधान सोलापूरला येणार! गावात नुसती धांदल उडाली. मला झटकलं, पुन्हा ऊन दाखवलं. पण केराबाईची एक अडचण होती. घरात, पारावर ती कडाकडा बोलायची, मात्र टोपीवाला साहेब दिसला की हिच्या तोंडाला कुलूप. बाळासो म्हणाला, मग तालीम करू. मास्तर मुख्य प्रधान होतील, तू मागणं माग. मास्तरांना काय, तेवढंच पाहिजे होतं. रविवारी दुपारी ते डोक्याला फेटा बांधून हजर.

आता आमच्यातली एक रीत ऐका. धनगरांत भांडण तुटत नसलं की सगळे मिळून एकाला निवाड्याला बसवतात आणि त्याच्यासाठी घोंगडी अंथरतात. बसणाऱ्यानं सगळ्यांचं ऐकायचं, आणि निकाल दिल्याशिवाय उठायचं नाही. दिलेला शब्द फिरवला, तर त्याला पुन्हा कुणी चार माणसांत बोलावत नाही. बाळासोनं मला पारावर अंथरलं. मास्तरांना वाटलं, सतरंजी नाही म्हणून घोंगडी. बसले की मांडी ठोकून!

केराबाई आधी चाचरली. मग एकदा सुरू झाली ती थांबेना. माळाचं बोलली, कोकरांचं बोलली, खाटकाचं नाव निघालं तेव्हा तिचा आवाज फाटला. मास्तर खरेच गंभीर झाले. म्हणाले, बाई, मी राजा नाही, एकट्यानं उठून माळ उघडता येत नाही मला. जंगलाच्या मंत्र्याला विचारतो. असं म्हणून त्यांनी एकाला मंत्री केलं. खजिन्याचा कोण, म्हणून दुकानदार गुरप्पाला उभं केलं. गुरप्पा म्हणाला, गवत वाळून मातीत जातंय, त्यापरास मेंढरांनी खाल्लेलं काय वाईट? एका म्हाताऱ्याला गव्हर्नर करून पाराच्या कट्ट्यावर उंच बसवलं. तो पान खात गप्प राहिला, तर सगळे म्हणाले, बरं झालं, आडवा आला नाही! हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मग मास्तरांनी हात वर केला.

"सगळ्यांचं एकमत झालं. कुंभारीचा माळ आजपासून मेंढरांना मोकळा. हा माझा शब्द."

अहो, माझ्या धाग्याधाग्यातून शहारा गेला! टाळ्या पडल्या. पण धनगर हसत नव्हते. एकेक जण वाकला, माझ्या दशांना हात लावून तो कपाळाला लावला आणि निघून गेला. मास्तर फेटा सोडण्यात गुंतले होते. त्यांनी हे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच केराबाईनं कळप माळावर घातला. दगड ओलांडून मेंढरं आत शिरली आणि अशी तुटून पडली गवतावर, काय सांगू! मी तिच्या खांद्यावर होते. आनंदानं माझी धड घडी राहत नव्हती. इतक्यात ईरप्पा धावत आला. कुणाच्या हुकमानं, म्हणून ओरडला. केराबाई शांतपणे म्हणाली, मुख्य प्रधानाच्या. ईरप्पानं कपाळावर हात मारला. काय करू बाई, असं आधी कानडीत म्हणाला, मग मराठीत, आणि कळप हाकलत नेऊन कोंडवाड्यात घातला.

मास्तरांना शाळेत बातमी लागली. तसेच कोंडवाड्यापाशी पळत आले. चेहरा पांढराफटक. अगं बाई, ते नाटक होतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले.

"मास्तर, नाटकाला कुणी घोंगडी अंथरत न्हाय," केराबाई म्हणाली. "तुमी मास्तर हाय, मुंबईचं प्रधान न्हाय, एवढं कळतंय की मला. पण आमाला कुटं मत हाय? आमी जल्मात एकदा मानूस बसवला, त्यो तुमी. बसलेल्यानं शब्द दिला, आमी मेंढरं घातली. आता म्हना, खोटं होतं म्हून. मी मेंढरं खाटकाला देते."

ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. आत मेंढरं ओरडत होती. मास्तरांचं पोट बोर्डाच्या नोकरीवर, घरात बायको, दोन लेकरं. मला वाटलं, आता हे घरी जाणार. मी नुसती तडफडत होते. मग त्यांनी टोपी नीट केली आणि ईरप्पाकडं वळले. मेंढरं घाला असं मी सांगितलं, माझं नाव लिही, म्हणाले. ईरप्पा बिचारा म्हणाला, मास्तर, नोकरीवर येईल की. मास्तर म्हणाले, लिही.

दुसऱ्याच दिवशी सगळी वरात सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या जंगलखात्याच्या कचेरीत रेंजरसाहेबांपुढं उभी राहिली. आणि मी कुठं, माहीत आहे? टेबलावर! मुद्देमाल म्हणून! हुकूम याच घोंगडीवरून सुटला, असं ईरप्पानं लिहिलं होतं. साहेबांनी मला टाकानं टोचून बघितलं, पण मी काही मनावर घेतलं नाही. साहेब हसत म्हणाले, मास्तर, तुम्ही स्वतःला मुख्य प्रधान समजता काय?

"नाही साहेब," मास्तर म्हणाले. "पण यांनी मला बसवलं होतं. बसलेल्याला नंतर अंग काढून घेता येत नाही."

साहेबांचं हसू मावळलं. मास्तरांनी पुढं विचारलंच. खऱ्या मुख्य प्रधानांनी आणि त्यांच्या मंत्र्यांनी माळ उघडा म्हटलं, तर तुम्हाला उघडावा लागेल का? साहेबांनी पंख्याची दोरी ओढणाऱ्या शिपायाकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, आणि म्हणाले, लागेल, आता जंगल त्यांच्या हाती आहे. मग आमचा गुन्हा आणि आमची मागणी एकाच टपालानं वर पाठवा, मास्तर म्हणाले. साहेबांनी कारकुनाला हाक मारली आणि दोन्ही लिहून घेतलं. मास्तर जामीन राहिले, तेव्हा मेंढरं सुटली.

त्या रात्री मास्तरांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, त्यांना एवढंच सुनावलं, पारावर प्रधान झालात, घरी निदान मास्तर तरी राहा. पण जेवताना भाकरीवर लोणी जास्त वाढलं. मला हे केराबाईकडून कळलं, आणि तिला सगळ्या गावाकडून.

मग वाट बघणं आलं. ते मला मुळीच जमत नाही! मुख्य प्रधानांचा दौरा पुढं ढकलला गेला. मी घडी घालून फळीवर. खाटीक पुन्हा येऊन गेला, केराबाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. बाळासो रात्री उठून कोकरांजवळ बसायचा. भादवा गेला, दसरा झाला.

आणि एका सकाळी ईरप्पा आरडाओरडा करत गावात आला. हातात कागद, पागोटं सुटलेलं! माळ मोकळा झाला होता. गवताची कापणी झाली की पाळीपाळीनं सगळ्या गावच्या मेंढरांना चराई, असा मुंबईहून हुकूम होता. बाळासोनं ईरप्पाला उचलून नाचवलं. केराबाई मटकन खाली बसली आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. मी किती ओली झाले म्हणून सांगू!

पण त्याच आठवड्यात बोर्डाकडून दुसरा कागद आला. कुरणाच्या गुन्ह्याबद्दल मास्तरांची बदली, बार्शीकडच्या अगदी टोकाच्या शाळेवर. केराबाई तरातरा त्यांच्या घरी गेली. मुख्य प्रधानाला सांगा की, त्यानं माळ उघडला, बदली थांबवाया काय लागतंय, म्हणाली. मास्तर हसले.

"केराबाई, गावाचा माळ उघडणं हे त्याचं काम. एका मास्तराची जागा राखणं हे त्याचं काम नव्हे. तेही करायला लागला, तर राजाच झाला की तो."

निरोपाच्या दिवशी बैलगाडीपाशी सारं गाव जमलं. यशोदाबाई लेकरांना घेऊन आधीच गाडीत बसल्या होत्या. केराबाईनं मला घरातून आणलं, झटकलं आणि मास्तरांच्या खांद्यावर टाकलं. बाळासो दचकला. अगं, ही तर मुख्य प्रधानासाठी इणलेली, म्हणाला.

"व्हय की," केराबाई म्हणाली. "त्यालाच दिली."

मास्तरांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि गाडी सुटली.

आता आम्ही कुर्डुवाडीच्या स्टेशनात आहोत. बार्शीकडची गाडी यायची आहे. मी मास्तरांच्या खांद्यावर आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटतंय, बघा, मी पोचले! मुंबईच्या मुख्य प्रधानांनी राग मानू नये. तेही कधी कुंभारीला आले, तर केराबाई त्यांच्यासाठी दुसरी विणेल, आता लोकरीला तोटा नाही. फक्त त्यांनी तिच्यावर बसताना जरा विचार करून बसावं, एवढं माझं मागणं आहे. धूर दिसला, गाडी आली वाटतं! मास्तर, चला, उठा. नवं गाव बघायचंय मला.